चौथ्या तारेखालचा सूर

सोमनाथच्या गिटारमध्ये तो सूर नव्हताच.

भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवायच्या आधीच सायलीनं मागून येऊन आपले मोठे हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि मोबाईल ताटासमोर, तांब्याला टेकवून, उभा केला. चौकटीत सोमनाथच उभा होता, निळा शर्ट, मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले. गेल्या रविवारी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, तिथला हा कार्यक्रम. सायली बापाचं वाजवणं ऐकायला पहिल्यांदाच आली होती, तेही मैत्रीण जवळच राहते म्हणून, आणि बारावीची पोरगी जशी कुठल्याही गोष्टीचा व्हिडिओ काढते तसा तिनं हाही काढला होता. गाणं जुनं, सगळ्यांच्या ओठांवरचं. सुरुवातीला बाकी सगळे गप्प असतात आणि बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, एकटाच जिना उतरत यावा तसा उतरत येतो, तळाशी पोचला की मग ड्रम आणि मागोमाग सगळी वरात. चौकटीतल्या सोमनाथची बोटं उतरत होती, हेडफोनमधला बासही उतरत होता, आणि इथवर सगळं ठीक होतं. बास गिटारला चार तारा. चौथी सगळ्यात जाड. ती मोकळी छेडली की पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन वाजते, आणि त्याच्या खाली काही नाही. त्याच्या खाली फक्त लाकूड आणि वाजवणाऱ्याचा गुडघा. पण हेडफोनमधला बास पांढरी तीनशी थांबला नाही. तो एक पायरी खाली गेला, मग आणखी एक, आणि थेट पांढरी एकवर जाऊन भरल्या रांजणासारखा घुमला. त्या वेळी चौकटीतल्या सोमनाथचा उजवा हात तारांवर पालथा पडलेला होता. तो काहीच वाजवत नव्हता.

त्याच्या हातातला तुकडा पिठल्यावरच थांबला. सायलीनं एका कानावरचा हेडफोन उचलला आणि आत बोलावं तसं हळूच म्हणाली, "पप्पा, ते खाली जातं ना, तिथं पोटात काहीतरी होतं. मी स्पीकरच्या समोरच उभी होते. मला तर कळलंच नव्हतं तुम्ही असलं वाजवता." मनीषानं विचारलं, काय गं, काय झालं, तर सायली म्हणाली, मम्मी तूपण ऐक, आणि हेडफोन सोमनाथच्या डोक्यावरून निघून बायकोच्या डोक्यावर गेले. मनीषा कौतुकानं मान डोलावत राहिली. सोमनाथ भाकरी खात राहिला. सोळा-सतरा वर्षं तो बास वाजवत होता आणि या एवढ्या काळात बासबद्दल कुणी त्याला एक अक्षर म्हटलं नव्हतं. गाणारीला माणसं हात जोडत, ड्रमवाल्याच्या पाठीवर थाप पडे, आणि याला लग्नात कुणी पाहुणा हटकून विचारी, दाजी, तुमचं नेमकं वाजतं कुठलं ते? त्याचं त्याला काही वाटत नसे. घराच्या पायाला कुणी छान म्हणत नाही, असं तो स्वतःला सांगे, आणि ते खरंही वाटे. आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या लेकीनं म्हटलं होतं, पोटात काहीतरी होतं. ते त्यानं न वाजवलेल्या सुराबद्दल होतं. राग लगेच आला नाही. आधी कान गरम झाले, मग तळपायातून कुठूनतरी तो निघाला आणि वर येता येता त्याच्या लक्षात आलं की आपण पिठल्यात दुसऱ्यांदा मीठ घालतोय.

ते गाणं त्यानं बसवलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. मूळ गाणं पुरुषाचं, पांढरी पाचमधलं. बॅण्डमध्ये गायला राखी, तिचा गळा तिथं बसेना, म्हणून पट्टी उतरवून काळी दोन केली. गाणाऱ्याला पट्टी उतरवणं म्हणजे खुर्ची पुढे ओढून घेण्याइतकं सोपं. बासवाल्याला तसं नसतं. सगळा जिना खाली सरकतो आणि शेवटच्या पायऱ्या जमिनीत गाडल्या जातात. त्यातून तो बास कुणा कसबी माणसानं वाजवलेला, बोटाबोटागणिक नक्षी, मधल्या जागा बारीक सुरांनी भरलेल्या. सोमनाथ तो महिनाभर कानात घेऊन फिरला. सातपूरला कामावर जाताना, येताना, जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे, तोंडानं पुटपुटत. आधी सगळं वाजवून बघितलं. मग एकेक काढायला लागला. राखी ज्या शब्दावर रेलते तिथला सूर ठेवायचा. ती श्वास घेते तिथली नक्षी काढायची, कारण तिच्या श्वासात बोटं घालणं बरं नाही. ड्रमवाला कारभारी जिथं आधीच बोलतोय तिथं आपण बोलायचं नाही. आणि ते शेवटचे दोन सूर, जे गिटारच्या बाहेरच गेले होते, ते त्यानं आधी वरच्या तारेवर घेऊन बघितले. जिना उतरणारा माणूस शेवटच्या पायरीवरून उडी मारून एकदम गच्चीवर जावा तसं ते वाटलं. मग एका दिवशी, काही न ठरवता, त्या जागेवर त्याचा हात तारांवर पालथा पडला. शांतता झाली. आणि त्या शांततेत कारभारीचा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर पडला, एकच, धप्प, आणि गाणं सुरू झालं. सोमनाथच्या अंगावर काटा आला होता. जिन्याच्या तळाशी जमीन लागली होती. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. बासवाले असलं सांगत नाहीत. राखी त्या दिवशी हसून म्हणाली होती, दादा, शेवटी विसरलात का? आणि तोही हसला होता.

हे काढायचं काम तो गाण्यात शिकला नव्हता. मखमलाबादच्या मळ्यात मुळ्याची विरळणी असायची. बी फेकताना मूठ सैल पडली की रोपं दाटीनं उगवत आणि ती हातानं विरळ करावी लागत. सहा-सात वर्षांचा सोमनाथ वाफ्याच्या कडेला उकिडवा बसे आणि त्याला रडू येई, कारण उपटायचं रोपही हिरवंच असे. बाप, बहिरू, त्याच्या शेजारी येऊन बसायचा. कुठलं उपट ते सांगायचा नाही. उन्हं डोक्यावर आली, बाजाराची जुडी बांधायची राहिली, तरी बसून राहायचा, तंबाखू मळत. पोरानं एक उपटलं की एवढंच विचारायचा, "हे का ठिवलं?" उपटलेल्याबद्दल विचारायचा नाही, ठेवलेल्याबद्दल विचारायचा. सोमनाथ काहीतरी सांगे, याची पानं रुंद हायेत, याच्या शेजारी जागा हाय, याच्यावर मुंगळा बसलाय. मुंगळ्याचं कारणसुद्धा बापाला चालायचं. "कारण हाय ना, मंग ऱ्हाऊ दे," म्हणायचा आणि पुढच्या वाफ्याकडे सरकायचा. तो मळा आता नाही. तिकडे आता ओळीनं लॉन्स झालेत, हिरवी गालिच्याची हिरवळ, कारंजी, घोड्यावरच्या नवऱ्यासाठी कमानी. यातल्या कित्येक लॉन्सवर सोमनाथ उभा राहून वाजवून आला होता आणि प्रत्येक ठिकाणी गिटार अडकवताना एकदा खाली बघायची त्याला सवय होती, इथं पूर्वी काय पिकत असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत प्रेस मशीनं सुरू झाली आणि जमीन हादरायला लागली तशी त्याला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. हादरा. गेले कितीतरी कार्यक्रम स्टेजवर तार छेडली की पायाखालून एक जाड, गोल हादरा पोटऱ्यांपर्यंत चढायचा. पूर्वी असं होत नसे. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, स्टेजवर त्यांचा सूर नाही, नुसता हादरा पोचतो, आणि मोकळ्या जागेतला हादरा त्यानं कारभारीच्या पायाचा धरला होता. त्याला वाटलं होतं, आपला हात बसला. सगळ्या वर्षांचं शेवटी बोटात उतरलं. ही गोष्ट त्यानं मनीषालाही सांगितली नव्हती, इतकी ती आतली होती. फक्त हळदीच्या, साखरपुड्याच्या कार्यक्रमात एखाद्या लांब सुरावर तो डोळे मिटून तो हादरा अंगात घेत उभा राही. म्हणजे तो हादराही, व्हायोलिनं आणि कोरस यांच्यासारखा, कीबोर्डवाल्या मयूरच्या लॅपटॉपमधून येत होता. म्हणजे डोळे मिटून आपण कुणाच्या तरी मालावर मान डोलावत होतो, दारात आलेल्या नंदीबैलासारखे. समोर पत्र्याचा तुकडा येत होता, प्रेस खाली येत होती, धप्प, वाटी होऊन बाहेर पडत होती, आणि दर धप्पला त्याच्या डोळ्यांपुढे एकेक कार्यक्रम येत होता. देवळाली कॅम्पातला तो निवृत्तीचा समारंभ, जिथं सगळ्या फौजींच्या बायका नाचल्या. ओझरचं लग्न. त्याला प्रत्येकाला विचारावंसं वाटत होतं, तिथं मी होतो का? जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला नाही. डाव्या हाताच्या बोटांची टोकं अंगठ्यानं दाबत बसला. तारांनी पडलेले घट्टे होते तिथंच होते, टणक, पिवळट. ते तरी खरे होते. की तेही उगीच?

बॅण्डचा सराव सातपूर कॉलनीच्या मागे एका गाळ्यात चाले, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. बॅण्ड मुळात काढला सोमनाथनं आणि कारभारीनं, एका शाळेतले दोघे. मयूर चार वर्षांपूर्वी लॅपटॉप आणि कीबोर्ड घेऊन आला, इंजिनिअर मुलगा, बोलायला गोड. कामं त्याच्या फोनवर यायला लागली आणि हळूहळू, कुणी काही न बोलता, बॅण्ड त्याचा झाला. सोमनाथ गेला तेव्हा मयूर वायरी गुंडाळत होता, राखी मोबाईलवर शब्द वाचत होती, कारभारी ड्रमचा स्क्रू पिळत होता. घरून निघताना सोमनाथनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती. प्रत्यक्षात त्यानं विचारलं ते एवढंच, की माझा आवाज बाहेर जातो का?

मयूरला समजायला क्षणभर लागला. मग तो अगदी मोकळेपणानं म्हणाला, "जातो ना दादा. म्हणजे तुमच्या पायाशी तो मॉनिटर स्पीकर असतो ना, त्यात जातो. तुम्हाला ऐकू येतं की."

"बाहेर. लोकांना."

"बाहेर ट्रॅक असतो, लॅपटॉपवर आधीच भरून ठेवलेला."

कधीपासून, तर गणपतीपासून असेल, असं तो राखीकडे बघून म्हणाला. राखीनं मोबाईलवरून मान वर केली नाही. मयूरचा आवाज चढला नव्हता, तो समजावत होता, आणि त्याच्या समजावण्यात खोट नव्हती, हेच सोमनाथला सोसेना. तो सांगत होता की लोकांना आता हुबेहूब लागतं, घरी ऐकतात तसंच लागतं, एक सूर इकडचा तिकडे झाला तर लगेच व्हिडिओ काढतात. आणि मग तो आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "तुमचं तिथं सुटायचं ना दादा, शेवटचे दोन सूर. मी बघितलं दोन-तीनदा. म्हटलं मोठ्या माणसाला तोंडावर कशाला बोला."

सुटायचं. सोमनाथला वाटलं आपण हसणार. महिनाभर कानात घेऊन हिंडून जी जागा मोकळी केली ती या पोराला सुटलेली वाटली होती, आणि वर त्यानं दया म्हणून ती बुजवून टाकली होती, रस्त्यातला खड्डा बुजवावा तशी. त्याला सांगता आलं असतं. ते सुटलं नव्हतं, ते सोडलं होतं, असं काहीतरी. पण ते आता सांगणं म्हणजे परीक्षेत कोरं ठेवलेलं उत्तर नंतर मास्तरला समजावून सांगण्यासारखं होतं; खरं असलं तरी सबब वाटणार. मयूर पुढे म्हणाला, वाटल्यास पाच तारांची गिटार घ्या, त्यात खालचे सूर येतात. सोमनाथनं विचारलं, "घेतली तर बाहेर वाजू देशील?" तेव्हा मयूर पहिल्यांदाच गोंधळला. त्यानं वायरीचा वेढा सोडला, पुन्हा घातला. "पार्टीला चार माणसांचा बॅण्ड सांगितलेला असतो दादा," तो म्हणाला. "आणि तुम्ही उभे राहता ना, छान दिसतं. स्टेज भरल्यासारखं वाटतं." मळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की बाप आपला जुना सदरा बुजगावण्याला घालायचा आणि लांबून बघून म्हणायचा, माझ्यासारखंच उभं ऱ्हायलंय बेणं. सोमनाथनं गिटार खोळीत घातली, चेन लावली, आणि बाहेर आला.

कारभारी मागोमाग आला. दोघे गाड्यांपाशी उभे राहिले. शेजारच्या वर्कशॉपमध्ये कुणी लोखंड कापत होतं आणि ठिणग्या रस्त्यावर येत होत्या. कारभारीच्या कानात कार्यक्रमात एक बारीक इअरफोन असतो, त्यात ट्रॅक वाजतो आणि टिकटिक असते. त्या टिकटिकीवर तो ड्रम वाजवतो. म्हणजे त्याच्या कानात तो दुसरा बास रोज होता. सोमनाथनं हे विचारलंच नाही, नुसतं कारभारीच्या कानाकडे बघितलं. कारभारी बूट घासत म्हणाला, "सोम्या, आईशप्पत, मला वाटलं तुला ठाऊक हाय आन तू बोलत नाय."

"मला ठाऊक असतं तर मी उभा राहिलो असतो?"

"आपण काय काय ठाऊक असून उभे नाय ऱ्हात?" कारभारी म्हणाला. मग त्याला आपणच बोललेलं बरं वाटलं नसावं, कारण त्यानं सोमनाथच्या गाडीच्या आरशावरची धूळ उगीच पुसली. सोमनाथनं किक मारली. त्र्यंबक रोडला लागेपर्यंत त्याला कळलं नाही की आपण दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रेटतोय आणि इंजिन ओरडतंय.

राग बाहेर सगळीकडे फिरून आला की शेवटी घरी येतो आणि आपल्यालाच डसतो. रविवारी दुपारी मनीषा माहेरी गेली होती, सोमनाथ पलंगाच्या कडेवर बसून गिटार मांडीवर घेऊन नुसता बसला होता. त्याला वाटायला लागलं होतं की मयूर चुकला नसेल. तो खालचा सूर हेडफोनमध्ये ऐकला तेव्हा त्याच्याही पोटात काहीतरी झालं होतं, हे तो कुणाला सांगणार होता? तो सूर सुंदर होता. मग आपण जे काढलं ते जमत नव्हतं म्हणूनच काढलं असेल. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं न म्हणता आपण म्हणालो, अंगणात जागा सोडलीय. इतकी वर्षं प्रत्येक अवघड बासमधून आपण हे काढलं, ते काढलं, आणि त्याला समज म्हणालो. ती भीती असेल तर? बोटं आखूड असतील तर? त्यानं चौथ्या तारेची खुंटी सैल केली. आणखी सैल केली. तार पांढरी तीनवरून उतरत उतरत पांढरी एकला आली आणि छेडली तर सुंभ सैल झालेल्या बाजेसारखी लाकडावर खडखडली. त्यानं ती पुन्हा आवळली, इतक्या रागानं की तुटेल असं वाटलं. तुटली असती तर बरं, असंही वाटलं.

सायली दारात उभी होती. ती म्हणाली, ते वाजवून दाखवा ना, खाली जातं ते. सोमनाथनं तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायला अगदी सोपं होतं. घरी मोठा स्पीकर नाही, इथं तसं येत नाही, असं म्हटलं असतं की काम झालं असतं. मूल बापाबद्दल एक गोष्ट अभिमानानं धरून बसलंय, ती राहू द्यावी, असंही मन म्हणालं. त्यानं वाजवायला सुरुवात केली, आपलं, वर्षापूर्वी बसवलेलं. स्पीकर नसलेल्या बासचा आवाज तो केवढा, पलंगाच्या लाकडातून येईल तेवढा. सायली खाली बसून पलंगाला कान लावून ऐकायला लागली. जिना उतरत आला. त्याचा हात तारांवर पालथा पडला.

ती वाट बघत राहिली. "पुढं?" म्हणाली.

"पुढं नाही. ते खाली जातं ते मी वाजवलेलं नाही. ते लॅपटॉपमधून येतं."

तिचा चेहरा जसा पडेल असं त्याला वाटलं होतं तसा पडला नाही. ती कपाळाला आठी घालून गिटारकडेच बघत होती, गणित अडलं की बघते तशी. तिनं विचारलं, "मग तुम्ही तिथं काय वाजवता?"

"काही नाही. थांबतो."

"का?"

त्याच्या नाकात तंबाखू मळल्याचा वास आला, ओल्या वाफ्याचा वास आला. इतक्या वर्षांत त्याच्या वाजवण्याबद्दल हे कुणी विचारलं नव्हतं, राखीनं विचारलं होतं ते विसरलात का, मयूरनं तर विचारलंच नाही. तो सावकाश म्हणाला, "तिथं कारभारीकाकाचा पाय पडतो. ड्रमचा. मी थांबलो नाही तर तो ऐकू येत नाही."

सायलीनं मोबाईल काढला, हेडफोन लावले, डोळे बारीक करून ते पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे घेऊन ऐकलं. मग एका कानावरचा बाजूला करून म्हणाली, "पप्पा, इथं पाय ऐकूच येत नाहीये." आणि आपणच काहीतरी चुकीचं केल्यासारखे तिनं हेडफोन काढून ठेवले. सोमनाथचा राग, जो तीन-चार दिवस घरभर, कारखानाभर, रस्ताभर सांडत फिरत होता, तो तेव्हा पहिल्यांदा एका जागी येऊन उभा राहिला. कमी झाला नाही. उलट आता त्याला पाय फुटले.

पुढचा कार्यक्रम मखमलाबादच्या बाजूला, एका लॉन्सवर, साखरपुड्याचा, दुपारचा. सोमनाथ स्कूटरच्या पायाशी आपला जुना अँप, गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरचा खोका, घेऊन आला, पुढचं कापड फाटलेला, बॅण्ड काढला तेव्हाचा. तो त्यानं स्टेजवर स्वतःच्या मागे ठेवला आणि गिटारची वायर मयूरच्या साउंड मिक्सरमध्ये न लावता थेट त्यात लावली. मयूर म्हणाला, हे कशाला दादा? सोमनाथ म्हणाला, मला ऐकू येत नाही. समोर मांडवात पंखे पाण्याचे तुषार उडवत होते, पंगती बसल्या होत्या, मसालेभाताचा वास येत होता. त्यानं एकदा खाली बघितलं. हिरवा प्लास्टिकचा गालिचा होता.

ते गाणं तिसरं आलं. दोन बास एकदम निघाले. वरच्या पायऱ्यांवर ते एकावर एक चालले आणि कुणाला काही कळलं नाही. आपण त्या दुसऱ्याच्या अंगात अंग घालून चालतोय याची सोमनाथला किळस आली. मग तळ आला, त्यानं हात पालथा टाकला, आणि त्याच्या मोकळ्या जागेत तो न दिसणारा बास आरामात खाली उतरून घुमला. पायाखाली तो जाड, गोल हादरा आला. कारभारीचा पाय त्यात बुडून गेला. कडव्यात मात्र ते भांडायला लागले. सोमनाथनं जिथं काढलं होतं तिथं ट्रॅक भरत होता, आणि जिथं तो भरत होता तिथं त्याचा अँप फाटक्या कापडातून भसाड्या आवाजात आडवा येत होता. राखीनं गाता गाता वळून बघितलं. पुढच्या पंगतीतला एक म्हातारा जेवण थांबवून स्पीकरकडे बघायला लागला. मयूर ओठांनी म्हणत होता, आवाज कमी करा, कमी करा. सोमनाथनं अँपचं बटण चढवलं. दुसऱ्या कडव्याआधी पुन्हा तोच जिना यायचा होता. त्यानं मयूरकडे बघायचं सोडलं आणि कारभारीकडे बघितलं. विनवणी करावी तसं नाही, ज्याच्याशी वाकडं आहे त्या माणसाकडे बघावं तसं, रागानं, सरळ, डोळे न हलवता.

कारभारीनं एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं कानातला इअरफोन उपटला. तो वायरीला लोंबत त्याच्या छातीवर आपटत राहिला. टिकटिक गेली तसा त्याचा हात केसभर सैल झाला, पूर्वी असायचा तसा, थोडा मागे रेलणारा, आणि ट्रॅक आपल्या वाटेनं पुढे निघून गेला. आता दोन गाणी चालली होती. राखी कारभारीबरोबर राहिली. माणूस माणसाबरोबरच राहतो, सवयीनं का होईना. लॅपटॉप बंद करण्यावाचून मयूरला गत्यंतर उरलं नाही. त्यानं बटण दाबलं आणि आवाज एकदम आक्रसला, भरल्या घरातून पाहुणे निघून जावेत तसा. व्हायोलिनं गेली, कोरस गेला, तो खालचा बास गेला. उरला राखीचा थोडा घाबरलेला गळा, कारभारीचे हात आणि फाटक्या अँपचा तो भसाडा आवाज. मांडवातून कुणीतरी ओरडलं, आवाज वाढवा की राव. बाकीचे जेवत राहिले.

मयूर कीबोर्डवरून वाकून सोमनाथच्या कानाशी आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दादा, उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. सोमनाथनं मान हलवली, पण ती त्याच्यासाठी नव्हती. तो मात्रा मोजत होता. जिना सुरू झाला होता. राग होता तसाच होता, दातांत, दंडात, बोटांच्या टोकांत, आणि तो एकेक पायरी त्या रागाचाच हात धरून उतरत होता, घाई न करता. तळ आला. चौथी तार संपली. त्यानं हात पालथा टाकला आणि जागा मोकळी केली.

धप्प.

पायाखालच्या फळीत हादरा आला. तो लहान होता.